तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला त्या गोळ्या द्यायच्या का?

द्या.

आधी उत्तर देऊन टाकते, कारण ब्लाउजच्या मापाला आलेल्या बाया हा प्रश्न इतक्या आडवळणानं विचारतात की उत्तर राहूनच जातं. "डॉक्टरनं पोट्टीले पाळीसाठी गोळ्या देल्या वो ताई. त्याच, लेकरू होऊ नाही म्हणून खातात त्या. लगन नाही झालं तिचं. देऊ काय?" मलाच का विचारता तेही कळतं. माझं साक्षगंध कशावरून मोडलं हे माहीत नाही असं घर आमच्या दारव्हा तालुक्यात शोधावं लागेल.

पीसीओडी, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी चुकवणारा आजार, आता डॉक्टर पीसीओएस म्हणतात, तो तुम्हाला सांगायला नको. यवतमाळहून सोनोग्राफीचा कागद घेऊन, "गाठी आहेत" ऐकूनच तुम्ही येता. त्या गाठी नव्हेत, एवढंच ऐका. बीज ज्यात वाढतं त्या बारक्या पिशव्या आहेत, अर्ध्यातच वाढ थांबलेल्या. कापून काढायच्या नसतात. आणि किशोरवयातल्या पोरींच्या या निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. त्या वयात निरोगी पोरींचंही तसंच दिसू शकतं. मग नववीतल्या पोरीला घेऊन एसटीनं कशाला पळता?

त्यापेक्षा तिची मान पाहा. गळ्याचं माप घेताना मला दिसते, काळपट, मखमलीसारखी जाड झालेली. आई लगेच म्हणते, घासत नाही पोट्टी. तो मळ नाही. बहुतेक वेळा शरीरात इन्सुलिन जास्त झाल्याची ती खूण असते, आणि तेच जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. हनुवटीवरचे केस, चुकणारी पाळी, सगळं त्याच्याशी जोडलेलं. साखर तपासा तिची. बारीक असली तरी तपासा. दिवसभर पऱ्हाटीत वाकून कापूस वेचणाऱ्या पोरीला "रोज चालत जा" सांगणाऱ्यांचं मात्र मला हसू येतं.

आता साक्षगंध. दिवाळी होऊन गेली होती. ओसरीतला कापूस कोपऱ्यात लोटून आम्ही सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुषमंडळी बाहेर पोहे खात होती. आतल्या खोलीत मला त्यांच्याकडची साडी नेसवत होते. पदराला पिन पाहिजे होती. नवऱ्या मुलाच्या मामीनं खुंटीवरची माझी पर्स काढली आणि पिनेऐवजी पाकीट हाताला लागलं. माला-डी. दुसऱ्या महागाच्या होत्या, म्हणून डॉक्टरनं त्याच लिहून दिल्या होत्या. मामीला वाचायचीही गरज नव्हती. पांढऱ्या 21 गोळ्या आणि खाली लोहाच्या तपकिरी 7, लग्न झालेल्या कोणत्या बाईला ओळखू येत नाही ते पाकीट? ती ओरडली नाही. रिकाम्या घरांवरून अंगठा फिरवला, मोजल्यासारखा, आणि म्हणाली, "कधीपासून खाऊन राहिली वो बाई?"

मी म्हटलं, पाळीसाठी आहेत.

"पाळीसाठी असतात काय ह्या?" तिनं मला नाही, माझ्या आईला विचारलं. आईला माहीत होतं. आईच माझ्यासोबत दवाखान्यात आली होती. पण आई बोलली नाही. तिनं माझ्या पदराची घडी नीट केली. थोड्या वेळानं बाहेरून निरोप आला, मुहूर्त बराबर नाही, पुढं पाहू. साडी मी सोडली, त्यांनी घडी करून परत नेली.

त्या संध्याकाळी आईनं उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या. पन्नी धड जळाली नाही, आकसून गोळा झाली. नंतर उन्हाळाभर पाळी नाही. पेरणीच्या दिवसांत आली ती थांबेना; रक्त चढवावं लागलं. बाया म्हणतात, आत घाण साचते. घाण नाही साचत. बीज सुटत नाही म्हणून गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत राहतं, आणि असं वर्षानुवर्षं चाललं तर कर्करोगाचाही धोका वाढतो. ते जाड होऊ नये म्हणूनच या गोळ्या असतात. तीन महिने पाळी आली नाही तर थांबू नका. बीपी असेल, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास घरात कोणाला असेल किंवा डोळ्यांपुढं झगझग होऊन डोकं उठत असेल, तर ते डॉक्टरला आधी सांगा; या गोळ्या तेव्हा चालतीलच असं नाही, दुसऱ्या असतात.

कित्येक वर्षं मला वाटायचं, त्या खोलीत ओरडून सांगायला पाहिजे होतं की हे औषध आहे. आता वाटतं, काय झालं असतं? चालू पोरगी म्हणून मोडलं ते रोगी पोरगी म्हणून मोडलं असतं. शिवाय "औषध म्हणून" असं जोर देऊन सांगते, तेव्हा नुसतं लेकरू नको म्हणून त्याच गोळ्या खाणारीला मी त्या मामीच्याच हवाली करते. हे पटतं मला. तरी तुम्ही विचारलं की तोंडातून पहिल्यांदा तेच निघतं, औषध आहे वो.

पुढं माझं लग्न झालं, लेकरूही झालं. म्हणून तुम्ही म्हणता, बरं झालं ना मग. नाही झालं. हनुवटीवर दोरा अजून फिरवते, साखर दरवर्षी तपासते. नवऱ्याला मी लग्नाआधी सांगितलं होतं. सासूला अजून सांगितलेलं नाही.

आता भाचीला त्याच गोळ्या सुरू आहेत. तिच्या आईनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, त्या दुसऱ्या डबीत काढून वर "कॅल्शियम" लिहिलंय. मी भांडले. पाकिटातून काढल्या तर आज कोणती घ्यायची ते पोरीला कळणार कसं? बहीण म्हणाली, "तुह्यासारखं होऊ देऊ काय मग तिचं?" गोळ्या मी परत पाकिटात भरायला लावल्या. पाकीट त्या डबीतच ठेवलंय, आणि पुढच्या महिन्यात पाहुणे येणार आहेत.