फरक

काल रात्री मामींचा फोन. "अगं, त्या ऑक्सिजनच्या पेटीने काही फरक?" मी म्हणून गेले, "हो मामी, थोडा आहे." त्यांना बरं वाटलं. मी फोन ठेवला, पण तो 'थोडा' घशातच राहिला, अजून तिथेच आहे. कुठून आणला मी तो?

म्हणून वही काढून बसले. मनूला, माझ्या लेकीला, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालीवर ताबा नाही, मानही धरवत नाही. पेटी म्हणजे दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देणारा बंद कक्ष, त्याने मान सावरेल ही आशा. मान किती सेकंद धरते, याचं आमचं माप साधं आहे. मनूला बाकावर बसवायचं, कंबरेला दोन्ही हातांचा आधार, पाठ मोकळी, समोर तिच्या डोळ्यांच्या रेषेत लाल डबा. मान वर आली की स्टॉपवॉच सुरू. हनुवटी छातीला लागली किंवा डोकं बाजूला कलंडलं की बंद. असं तीनदा, आणि तीनातला मधला आकडा लिहायचा. सगळ्यांत मोठा लिहायचा मोह रोज होतो. वेळ ठरलेली, दुपारी चार, म्हणजे बॅक्लोफेन, तिचे स्नायू सैल करायचं औषध, देऊन दीड तास झालेला असतो. आधी दोन आठवडे काहीही नवं सुरू न करता नुसतं मोजलं होतं. ही अक्कल फिजिओताईंची. मला तेव्हा ते वेळ घालवणं वाटलं होतं.

पेटीआधीचे सहा दिवस: ४, ९, ६, ११, ५, ८. वीस सेशननंतरचे सहा: ७, ४, १२, ६, १०, ५.

मामींशी बोलताना माझ्या डोळ्यांपुढे तो बारा होता. चार नव्हता. आधीचा अकरा तर मी विसरूनच गेले होते. सहा दिवसांची बेरीज आधी त्रेचाळीस, आता चव्वेचाळीस. एक सेकंद. तसं बघितलं तर मामींशी खोटं बोलले नाही.

शेजारच्या रकान्यांत शी, झोप, फिट, ताप. चार सेकंदांच्या दोन्ही दिवसांसमोर तिसऱ्या दिवशीही शी नाही असं लिहिलंय. पोट तटलं की टोन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, वाढतो, टोन वाढला की ती मागे ताणते, आणि मग कसली मान. बाराच्या दिवशी रात्रीची सलग आठ तास झोप. म्हणजे मान पेटीने धरली की पोटाने, हे या वहीला सांगता येत नाही, आणि मी मात्र मामींना एका शब्दात सांगून टाकलं.

पेटीची पथ्यं पाळताना मी किती शहाणी असते! आत शुद्ध ऑक्सिजन, म्हणून फक्त सुती कपडे, क्रीम नाही, बॅटरीचं खेळणं नाही, केसांना तेलाचा थेंब नाही. मालिश सकाळी करून दुपारी पेटीत नेणं चालत नाही, तेलकट कपडा आणि ऑक्सिजन म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून पेटीच्या दिवशी मालिश बंद. दाब चढताना तिने गिळत राहिलं पाहिजे, नाहीतर कानाचा पडदा आत ओढला जातो. ज्या मुलांना गिळणंच नीट जमत नाही त्यांचं तिथेच अडतं, कारण "कान दुखतोय" हे ती सांगणार कशी? रडली तर दाब चढवणं थांबवायचं, घाबरून रडतेय असं धरून पुढे जायचं नाही. सर्दी असेल तर सेशन रद्द, ताप असेल तरीही रद्द. जास्त दाबाखालच्या ऑक्सिजनने फिट येऊ शकते आणि ताप त्यात भर घालतो. हे सगळं पाठ आहे मला. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तेवढंच 'थोडा' म्हणून उरकलं.

पेटीवाल्यांचा दावा काय, तर मेंदूतल्या जखमेभोवती झोपलेल्या पेशी असतात, ऑक्सिजन पोचला की जाग्या होतात. ऐकायला इतकं गोड आहे की कुणालाही पटावं. २००१ मध्ये कॅनडात सेरेब्रल पाल्सीच्या १११ मुलांवर हे तपासलं होतं. ५७ जणांना नेहमीच्या हवेच्या पावणेदोनपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, ५४ जणांना १.३ पट दाबाखाली साधी हवा, दोन्ही गटांना तासातासाची चाळीस सेशनं. सुधारणा दोन्ही गटांत झाली, आणि सारखीच झाली. कानाचा त्रास मात्र ऑक्सिजनवाल्यांत २७ जणांना, हवेवाल्यांत १५ जणांना. यावर पेटीवाले म्हणाले, म्हणजे थोडा दाबसुद्धा गुणकारी! मग २०१२ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत दीडपट दाबाखाली १४ टक्केच ऑक्सिजन असलेली हवा दिली. दीड गुणिले चौदा म्हणजे एकवीस, आपण रोज घेतो तेवढाच. ४९ मुलं, आणि मधल्या तपासणीत दोन गटांत काही फरक दिसेना म्हणून चाचणी थांबवली. हे मी सेशन सुरू करायच्या आधी वाचलं होतं. वाचूनही पैसे भरले. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मला खरं टोचतं ते 'दोन्ही गटांत सुधारणा' हे. त्या साध्या हवेतल्या मुलांच्या आयांनाही कुणीतरी फोन करून विचारलं असेल. त्यांनीही 'थोडा आहे' म्हटलं असेल, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. रोज एक तास मूल आणि मोठं माणूस दुसरं काही न करता समोरासमोर. शिवाय लहान मूल महिन्या-दोन महिन्यांत आपसूकही थोडं पुढे जातंच. निदान काही वर्षं. सेरेब्रल पाल्सीत हालचाल वयाबरोबर कशी वाढते, याचे ६५७ मुलांवरून काढलेले आलेख २००२ मध्ये आले. त्यात मुलांच्या पाच पातळ्या, पहिली सगळ्यांत सौम्य, पाचवी सगळ्यांत गंभीर. पाचव्या पातळीचं मूल हालचालीतला आपला नव्वद टक्के पल्ला पावणेतीन वर्षांच्या आतबाहेर गाठतं, पहिल्या पातळीचं पाचच्या आसपास. मनू किती वर्षांची आहे हे इथे लिहायची गरज नाही.

आज दुपारी दादाला बसवलं. मनूच्या मानेच्या व्हिडिओचे सहा तुकडे, प्रत्येकी वीस सेकंदांचे, तीन आधीचे आणि तीन आताचे. तारखा काढल्या, क्रम उलटसुलट केला आणि म्हटलं, सगळ्यांत चांगली मान कुठल्या तुकड्यात? त्याने बेधडक चौथ्यावर बोट ठेवलं. तो पेटीच्या आठवडाभर आधीचा निघाला. दुसऱ्या नंबरला आताचा. मग नीट पाहिलं तर त्या आताच्या तुकड्यात फोन माझ्या गुडघ्याच्या उंचीला होता. खालून घेतलं की चेहरा वर उचललेला दिसतो आणि मान आहे त्याहून ताठ वाटते. फोन तिच्या छातीच्या रेषेत, बाजूने, एका जागी ठेवायचा, हे मीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. माझ्या नकळत माझा हात खाली गेला. हातसुद्धा 'थोडा आहे' म्हणायला लागलेत.

दोघंही हसलो. खूप दिवसांनी.

पेटी निदान उघड्यावर तरी आहे, तिचं प्रेशर काट्यावर दिसतं. मला जास्त भीती बाटल्यांची. शंखपुष्पीच्या सिरपने फेनिटॉइनची, म्हणजे फिटच्या औषधाची, रक्तातली पातळी उतरते हे १९९२ पासून छापून आलेलं आहे, तरी 'बुद्धीसाठी चांगलं' म्हणून ते घरात येतंच. कापूर आणि निलगिरी फिट आणू शकतात, आणि दोन्ही मालिशच्या तेलात सर्रास असतात. लेबल नसलेल्या तेलाला म्हणूनच नाही. आणि जोर लावून पाय ताणणारे हात! उभं न राहणाऱ्या मुलाची हाडं विरळ असतात, मांडीचं हाड कट्‌कन मोडतं, आणि मूल तर नेहमीच रडतं म्हणून दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. नवं काहीही असो, एका वेळी एकच सुरू करायचं आणि न्यूरोच्या डॉक्टरांना बाटलीसकट दाखवायचं. ते रागावतील म्हणून लपवायचं नाही. रागावतात, तेवढं चालतं.

उरलेली वीस सेशनं. पैसे परत मिळत नाहीत, असं त्या काचेमागच्या मुलीने फारच गोड सांगितलं. प्रत्येकी एक तास, चढउताराची आणि जाण्यायेण्याची भर घालून दोन. म्हणजे चाळीस तास. तेवढ्यात डोळे वर म्हणजे 'हो', बाजूला म्हणजे 'नको', हे रोज पाच-पाच मिनिटं करता आलं असतं. पेटीच्या नादात ते तीन आठवडे बंद आहे. खुबा जागेवर आहे ना, हे बघायच्या एक्स-रेला सहा महिने उलटून गेलेत. याला कुणी फोन करून विचारत नाही, "एक्स-रे काढला का?"

मामींना खरं सांगायचं म्हटलं तर काय सांगू? मधला आकडा? त्या म्हणतील, "म्हणजे आहे ना फरक!" आणि मी पुन्हा "हो मामी" म्हणेन. माझं मला माहीत आहे.

गुरुवार. शी झाली. झोप साडेसहा तास. फिट नाही. सेशन नाही, सर्दी. चार वाजता ७, १०, ८. मधला ८. लाल डबा दाखवून "हवा?" विचारलं, तर डोळे वर, दोनदा. तिसऱ्यांदा जांभई.

एक्स-रेची अपॉइंटमेंट सोमवारी, सव्वादहा. मामींना फोन राहिला.