काळ्याला काळी

ऑफिसातून भंगारात निघालेला, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात घरी आलेला संगणक एखाद्या दुपारी मुका होतो. बटण दाबा, ढिम्म. झाकण काढलं की संशय सरळ एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या डब्यावर जातो, आणि तो बहुधा खराही असतो. 'त्यात काय, नवा टाकू' म्हणत हात मदरबोर्डच्या कडेला जातो, तर तिथे २४ पिनांची ओळखीची पट्टीच नाही. डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० असेल तर तिच्या जागी ८ पिनांचा चिमुकला सॉकेट. लेनोव्होच्या काही थिंकसेंटरांत १४ पिना, एचपीच्या काही मशिनांत ६.

वीज पूर्वी एवढी नखरेल नव्हती. टेपरेकॉर्डरची पिन तुटली की वायरीची टोकं दातांनी सोलायची, सॉकेटच्या भोकांत सारायची आणि वरून काडेपेटीच्या दोन काड्या खोचायच्या. स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडायचं, तोवर गाणं सुरू झालेलं असायचं. (आता कुणी करू नये. तेव्हाही करायला नको होतं.)

संगणकाची जुनी एटी पद्धत त्यातल्या त्यात शिस्तीची. पी८ आणि पी९ असे दोन कनेक्टर शेजारीशेजारी बसायचे, अदलाबदल झाली की बोर्ड गेला. म्हणून मंत्र एकच: काळ्याला काळी. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध, एकमेकींना खेटून. १९९५ साली इंटेलचं एटीएक्स हे नवं मानक आलं. २० पिनांचा (पुढे २४) एकच कनेक्टर, उलटा बसतच नाही. मंत्राची गरज संपली असं वाटलं. पण त्या दशकाच्या अखेरीस डेलने काही संगणकांत दिसायला अगदी तोच कनेक्टर ठेवून आतल्या तारांच्या जागा बदलल्या, आणि ३.३ व्होल्ट ६ पिनांच्या वेगळ्या कनेक्टरवर नेले. बाजारातला सप्लाय खटकन बसायचा आणि तो तरी जायचा नाहीतर बोर्ड तरी. त्यापेक्षा आजचा ८ पिनांचा सॉकेट परवडला. तो निदान दारातच नाही म्हणतो.

आणि सगळीच लबाडी आहे असंही नाही. हे नवे सप्लाय मुख्यतः १२ व्होल्टच देतात. ५ आणि ३.३ बोर्ड स्वतः तयार करतो, हार्ड डिस्कची वीजही बोर्डावरूनच निघते. इंटेलने २०१९ मध्ये १० पिनांचं एटीएक्स१२व्हीओ आणलं, तेही याच विचाराने. पण मग प्रत्येकाची चूल वेगळी कशाला, ते काही कळत नाही.

तर उपाय म्हणजे अ‍ॅडॉप्टर: एका टोकाला सप्लायची २४ पिनांची पट्टी, दुसऱ्या टोकाला बोर्डाचा चिमुकला सॉकेट जोडणारा तारांचा तुकडा. तो मॉडेल नंबर बघूनच घ्यावा, 'सगळ्यांना चालतो' हे दुकानदाराचं वाक्य सोडून द्यावं. खरी मेख स्टँडबायची, म्हणजे संगणक बंद असतानाही बोर्डाला मिळत राहणाऱ्या विजेची. नेहमीच्या सप्लायची जांभळी तार ५ व्होल्ट देते. काही बोर्डांना तिथे १२ लागतात. त्यांच्या अ‍ॅडॉप्टरमध्ये नळीखाली ५ चे १२ करणारी छोटी पट्टी असते. ती नसली तर बाकी सगळं बरोबर असूनही बटण मुकंच राहतं.

स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये तारांच्या रंगांवर विश्वास नको. मेन्स काढून, मल्टिमीटर बीपवर (तार सलग असली की वाजतो) ठेवून प्रत्येक पिन या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासावी. मग २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि शेजारची काळी कागदाच्या क्लिपने जोडून सप्लाय एकटाच चालू करावा. पिवळी ११.४ ते १२.६ च्या आत हवी. राखाडी क्षणभर थांबून ५ व्होल्टांच्या आसपास जाते. ती गेली नाही तर बोर्डही उठणार नाही. जांभळी मात्र क्लिप लावण्याआधीपासूनच जिवंत असते.

तारेची जाडीही बघावी. २४० वॉट म्हणजे १२ व्होल्टांवर २० अँपिअर. तीन तारांत वाटले तरी प्रत्येकीच्या वाट्याला सातेक येतात, केसासारखी तार तेवढ्याने तापून मऊ पडते. १८ गेज असावी. ग्राफिक्स कार्डला वीज सप्लायच्या स्वतःच्या तारेतून द्यावी, अ‍ॅडॉप्टरवर तो भार नको. प्रोसेसरची ४ पिनांची जोडणी विसरली तर पंखे फिरतात, पडदा काळा राहतो, आणि माणूस अर्धा तास रॅम पुसत बसतो.

आकाराचं आधीच मोजावं. साधा एटीएक्स डबा १५० बाय ८६ मिलिमीटर, खोली १४० किंवा जास्त. पातळ कॅबिनेटमध्ये तो जाणार नाही, तिथे ८५ बाय ६५ बाय १७५ चा टीएफएक्स नावाचा अरुंद डबा शोधावा लागतो. स्क्रूची भोकं जुळली नाहीत म्हणून डबा आडवा टाकून ठेवू नये. पंख्याचं तोंड दाबलं जातं.

जुना डबा उघडून बघायचा मोह होतो. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट चढलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात. त्यामुळे तो तसाच माळ्यावर जातो, 'पंखा तरी उपयोगी पडेल' या सबबीवर. कागदाची क्लिप आठवणीने काढून परत बिलांना लावावी. वाकडी झालेली असते, पण चालते.