कुत्रं असेल

बार्शी रोडवर डांबराला काही चिकटलेलं दिसलं की गाडीतलं कुणीतरी हमखास बोलतं, "कुत्रं असेल." झालं, विषय संपला. बरेचदा असतंही कुत्रंच, नाही असं नाही. पण सोलापूर मागं पडलं आणि नान्नज जवळ आलं की माळरान लागतं, 1979 सालचं माळढोक अभयारण्य तिथलंच. माळढोक दिसायची आता मारामार, पण बाकीची मंडळी आहेत की अजून, लांडगा, काळवीट, ससे, घोरपडी, मुंगसं, आणि यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी रस्ता ओलांडावाच लागतो कारण मुक्काम एकीकडं आणि पाणी दुसरीकडं.

एकदा सकाळी गाडी बाजूला घेऊन बघितलं तर खोकड निघालं, म्हणजे छोटा कोल्हाच. मांजरापेक्षा थोडं मोठं, बारीक पाय, झुपकेदार शेपूट आणि शेपटीचं टोक काळं. एका बाजूनं खरचटलेलंसुद्धा नव्हतं, अंगावरची केसं वाऱ्यानं हलत होती. दुसरी बाजू बघवत नव्हती.

लोक म्हणतात जनावर मधेच येतं, त्याला कोण काय करणार. पण रस्त्यावर यायला कारण आपणच देतो ना राव! ट्रॉल्यांतनं धान्य सांडतं, त्यावर उंदीर येतात, उंदरामागं साप आणि खोकड. डांबर अंधार पडल्यावरही बराच वेळ गरम असतं म्हणून घोणस आरामात शेकत पडते. रातवा तर कहरच, बारका पक्षी, किडे टिपायला खुशाल रस्त्यात बसतो, हेडलाईटमध्ये डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि गाडी पार अंगावर आल्याशिवाय उडत नाही. मेलेलं खायला घार उतरते, तिलाही पुढची गाडी उडवते. आणि चौपदरीवर मधे सिमेंटचा डिव्हायडर असला की ससा पुढंही जाईना अन् मागंही.

यावर उपाय नाही असंही नाही बरं का. नागपूरकडं पेंचच्या जंगलात हायवे 44 वर जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्यात, त्यातनं वाघ जाताना कॅमेऱ्यात आलेत. पण तिथं वाघ होता. खोकडासाठी कोण पूल बांधतंय? निदान माळाच्या पट्ट्यात रात्री साठच्या खाली गाडी ठेवायला काय जातंय आपलं, दहा मिनिटं उशिरा पोचू.

मी त्या दिवशी आधी मागून काही येत नाही ना बघितलं आणि कडुलिंबाची फांदी घेऊन ते खोकड कडेला ढकलायला लागलो, म्हणजे निदान घारी तरी रस्त्यावर उतरणार नाहीत. हात लावायचा नाही, पिसाळलेलं असलं तर नसती भानगड. तेवढ्यात एक बाईकवाला थांबला.

"काय झालं ओ मालक?"

"खोकड मेलंय."

"तुमचं होतं का?"

नाही म्हटल्यावर गेला निघून.