बाईंच्या टेबलाचा खण

नववीत निबंधस्पर्धेत माझा निबंध बाद झाला. वर तांबड्या शाईत एकच शब्द होता : ‘नक्कल’. निबंध माझा होता, शब्द न् शब्द माझा. त्या रात्री मी मुख्याध्यापकांच्या नावे तीन पानी तक्रार लिहिली आणि सकाळी वर्गशिक्षिका बाईंच्या हाती दिली. छाती धडधडत होती, कान तापले होते.

बाईंनी पाकीट उघडलंही नाही. टेबलाच्या खणात ठेवलं. म्हणाल्या, “परवा मधल्या सुट्टीत ये. तेव्हाही द्यावंसं वाटलं, तर मी स्वतः नेऊन देईन.”

दोन दिवस मी बाईंवरही धुमसत होतो. त्या सहकाऱ्यांची बाजू घेताहेत, अशी माझी खात्रीच झाली होती.

बाई इतिहास शिकवायच्या. ठरल्या दिवशी पाकीट परत देताना त्यांनी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांची हकिकत सांगितली. जुलै १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध. गेटिसबर्गची लढाई जिंकूनही लिंकन यांच्या बाजूचे जनरल मीड यांच्या हातून शत्रुपक्षाचे सेनापती ली यांचं सैन्य पोटोमॅक नदीपार निसटलं. युद्ध तिथेच संपवता आलं असतं, या विचाराने लिंकन व्यथित झाले. १४ जुलैला त्यांनी मीडना कडक पत्र लिहिलं, पण ते धाडलं नाही. पाकिटावर त्यांच्याच हातची नोंद आहे : पाठवलं नाही, सही केली नाही.

मग मी माझं पत्र वाचलं. अडीच पानं परीक्षकांच्या स्वभावाबद्दल होती, त्यातलं बरंचसं ऐकीव. कच्चा निबंध खाडाखोडीसकट माझ्या वहीत आहे, हा एकमेव पुरावा शेवटच्या चार ओळींत दडपला गेला होता. मी अर्ध्या पानाचा नवा अर्ज लिहिला, सोबत वही जोडली. बाई शब्दाला जागल्या. आठवड्याभरात तो शेरा खोडला गेला.

बाईंनी मला गप्प बसवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. राग गिळून टाकणं वेगळं. त्याने अन्याय तसाच राहतो आणि माणूस आतून कडवट होतो. बाईंनी तक्रार थांबवली नाही, दोन दिवस ठेवून घेतली, एवढंच. आज कामाच्या ठिकाणी बोचरा निरोप आला की मी उत्तर लिहितो, सकाळपर्यंत तसंच ठेवतो. बहुतेक वेळा सकाळी ते निम्म्याहून लहान होतं.

पहिलं पत्र मी फाडणार होतो. बाईंनी जपून ठेवायला सांगितलं. ते अजून माझ्याकडे आहे. लिंकन यांनी सही केली नव्हती. माझी सही मात्र त्यावर आहे, कागद फाटेल इतकी दाबून केलेली.