ओली भिंत आणि आखाजी

होळीनंतरच्या आठवड्यात आमच्या जळगावच्या घरात, न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीवर जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ओल चढलेली दिसली. रंगाला फोड आले होते आणि कडेने पांढरा लोणा फुटला होता. पावसाळ्याला तीन महिने अवकाश असल्यामुळे ही ओल नळाचीच असणार, हे उघड होते. रात्री सर्व तोट्या बंद करून गच्चीवरील टाकीत काठी बुडवून पाण्याची खूण केली, तर सकाळी पाणी चार बोटे उतरलेले होते. भिंतीत पुरलेल्या गरम पाण्याच्या नळाचा एल्बो (वळणावरचा जोड) तडकला होता. तो बदलल्यावर लगेच खाच बुजवू न देता, नळात दाबाने पाणी भरून एक दिवस तसेच ठेवले; गळती पूर्ण थांबल्याची खात्री झाल्याशिवाय भिंत वाळवण्याला काहीच अर्थ नसतो.

रंगारी आठ दिवसांत वॉटरप्रूफ पुट्टी लावून देण्यास तयार होते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटी बहीण माहेरी येणार, त्याआधी खोली नीट व्हावी, अशी आईची मनापासून इच्छा होती आणि ती मला पूर्णपणे समजत होती. तरीही मी नकार दिला, कारण पूर्वी याच न्हाणीघराच्या दुसऱ्या बाजूला आम्ही तशीच घाई केली होती आणि पहिल्याच पावसाळ्यात पुट्टीचे पोपडे हातात आले होते. पाणी न झिरपू देणारा थर खोलीच्या बाजूने लावला, की विटांमधील ओल बाहेर पडण्याची वाट बंद होते. मग ती त्या थरालाच ढकलून काढते किंवा भिंतीत आणखी वर चढते.

मिस्तरींनी ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंतचा गिलावा काढून विटा उघड्या केल्या. विजेचा बोर्ड त्याच भिंतीवर असल्याने त्याचा पुरवठा आधीच बंद केला होता. कपाट ओढून भिंतीपासून दूर ठेवले. लोणा मात्र पाण्याने धुवायचा नाही, कोरड्या ब्रशने झाडून गोळा करायचा आणि बाहेर टाकायचा. धुतल्यास आमच्या बोअरच्या जड पाण्यातले तेच क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात.

वीटकामाला वाळण्यासाठी साधारणतः दर इंचाला एक महिना धरावा, असा बांधकामातील जुना ठोकताळा आहे. आमची भिंत नऊ इंची, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाळली तरी चार महिन्यांहून अधिक. पण न्हाणीघराकडील बाजूला टाइल असल्याने ओल मुख्यतः खोलीकडूनच निघणार होती. तेव्हा भरवसा होता तो खानदेशच्या उन्हाळ्याचा. दुपारी ४२-४३ अंशांपर्यंत जाणारी कोरडी हवा ओल शोषून घेण्यास फार समर्थ असते. समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून टेबलफॅनचा झोत भिंतीच्या अंगाने वाहील असा लावला. हॅलोजनचे दिवे लावून भिंत तापवण्याचा सल्ला मी मानला नाही, कारण त्याने वरचा पापुद्रा वाळतो आणि आतली ओल तशीच राहते.

माझी खरी चूक कूलरची झाली. त्या खोलीत आम्ही दुपारी कूलर चालवत होतो आणि मी दर रविवारी पेन्सिलीने आखत असलेली ओलीची कड दोन आठवडे जागची हलली नाही. कूलर गवताच्या जाळ्यांवरून पाणी सोडून हवा गार करतो, म्हणजे ज्या कोरड्या हवेवर आम्ही विसंबलो होतो, तिलाच आम्ही ओली करून त्या खोलीत भरत होतो. कूलर पुढच्या खोलीत नेला, रात्री झोपायला सगळे गच्चीवर गेलो आणि पुढच्या रविवारी कड तीन बोटे खाली आली.

वरवर कोरडी दिसणारी वीट आतून ओली असू शकते, म्हणून दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस भिंतीवर ठेवला. पहिल्या वेळी त्याच्या आतील बाजूला दव जमले. आखाजीला बहीण आली, तेव्हा खोलीची भिंत उघड्या विटांचीच होती. झोका दारातल्या निंबाला बांधला होता, आणि आईने त्या खोलीचे दार लोटून घेतले. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात लागोपाठ दोन वेळा कागद कोरडा निघाला, तेव्हाच मिस्तरींना बोलावले.

नवा गिलावा मृगाच्या आधी झाला आणि सात दिवस त्यावर पाणी मारले. हे नवे पाणीही वाळायला वेळ घेणारच आणि पावसाळ्याची दमट हवा त्याला फारशी मदत करणार नाही, म्हणून सध्या भिंतीला फक्त चुन्याचा हात दिला आहे. चुना ओलीला अडवत नाही. पुट्टी आणि रंगाचे काम दिवाळीच्या सुमारास, प्लास्टिकचा कागद पुन्हा एकदा लावून पाहिल्यानंतरच हाती घेणार आहोत.