वास सगळ्यांना येत होता, मला सोडून

स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली होती. माझ्या ते लक्षातच आलं नाही. एका रात्री नऊ वर्षांची लेक कुशीतून सरकत म्हणाली, ‘‘आई, तुझ्या नाकातून उंदीर मेल्यासारखा वास येतो.’’

दात तपासून घेतले, ठणठणीत. मला स्वतःला कसलाच वास येत नव्हता. फोडणी करपली तरी कळायचं नाही. नाक कायम चोंदलेलं. सकाळी शिंकरलं की हिरवट-काळी खपली पडायची, कधी नाकाच्या साच्यातून काढावी तशी अख्खी, मागे रक्ताचा ठिपका. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तूप सोड वो नाकात. कूलरच्या हवेनं कोरडं झालं असन.’’

शेवटी धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दुर्बिणीतून दाखवलं तर आत लग्न उरकलेल्या हॉलसारखी नुसती मोकळी जागा आणि भिंतींना खपल्या. ‘ॲट्रोफिक रायनायटिस,’ त्या म्हणाल्या, ‘जुनं नाव ओझिना.’

नाकाच्या अस्तरावर बारीक लव असते, ती शेंबूड घशाकडे ढकलत राहते. या आजारात अस्तर विरतं, लव जाते, आतली टर्बिनेटं, म्हणजे नाकाच्या भिंतींवरचे हाडांचे वळणदार उंचवटे, सुकून लहान होतात. शेंबूड जागीच वाळतो, खपल्यांत जंतू कुजवाकुजव करतात. मग एवढ्या मोकळ्या नाकात चोंदल्यासारखं का वाटतं? तर हवा आत गेल्याचं कळवणाऱ्या नसाच निकामी झालेल्या. वासाचंही तेच. ‘‘पेशंटला स्वतःचा वास येत नाही, ही देवाची दयाच,’’ बाई म्हणाल्या. असेल.

पण मलाच का? एक असं कारण सापडत नाही म्हणे. घराण्यात असतो, बायकांत जास्त दिसतो, लोह आणि अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेशी नातं जोडतात. खपल्यांत क्लेबसिएला ओझेनी नावाचा जंतू बऱ्याचदा सापडतो, पण आजार त्याच्यामुळे की आजारामुळे तो, यावर वाद आहे. टर्बिनेट गरजेपेक्षा जास्त कापलं गेलं तरी हा होतो, क्षयरोग, कुष्ठरोगानंतरही. माझं ऑपरेशन कधी झालंच नव्हतं आणि टीबी निघाला नाही. हिमोग्लोबिन मात्र 8.6.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, पण खरं काम नाक धुण्याचं. उकळून कोमट केलेलं 280 मिली पाणी, त्यात खायचा सोडा एक भाग, टाकणखार एक भाग, मीठ दोन भाग, असं मिश्रण त्यांनी मोजून दिलं. बेसिनवर वाकून पिचकारी मारायची आणि तोंडानं ‘क क क’ म्हणत राहायचं, म्हणजे टाळू वर उचलला जाऊन पाणी घशात उतरत नाही. पहिल्या दिवशी लेक दाराआडून हसत होती. मग ग्लिसरीनमधल्या ग्लुकोजचे थेंब. गच्चीवर झोपायचं तर मच्छरदाणी सक्तीची, कारण असल्या नाकात माशी अंडी घालते आणि अळ्या होतात. हे ऐकल्यावर त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर पायच ठेवला नाही.

तीन आठवड्यांनी लेक परत कुशीत आली. वास घेण्याची शक्ती काही आली नाही. दूध नासलं की नाही हे अजून तिलाच विचारते. मार्गशीर्षात उमरेडला लग्नाला गेलो, पिचकारी घरीच राहिली. चौथ्या रात्री पोरगी भिंतीकडे तोंड करून झोपली होती.