ग्रँड आयलंडची बुडी आणि भाच्याचा काटेरी तारामासा

बारावीची परीक्षा संपल्या संपल्या भाचा कोल्हापूरहून म्हापशाला येऊन धडकला. मोबाइलवर कुठेतरी त्याने पोवळी खाणारा तारामासा पाहिला होता. "मामा, तो इथे दिसेल का?" एवढंच टुमणं. मी वीस वर्षं गोव्यात आहे, पण समुद्राशी माझा संबंध बाजारातल्या बांगड्यापुरता. म्हटलं, चल, विचारूया.

सकाळी सिंकेरीहून आमची स्कूबा बुडीची बोट सुटली. आग्वाद मागे पडला, मुरगावच्या बाजूने ग्रँड आयलंड या बेटाला पोचायला तासभर लागला. बोट लागू नये म्हणून गोळी घेतली, पण बोट सुटल्यावर. ती निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, हे कळेपर्यंत माझा नाश्ता अरबी समुद्राला अर्पण झाला होता. पोहे दोन घास कमीच खा.

पाण्याखाली चार-पाच मीटरच्या पलीकडे हिरवट धुकं. अंदमानचे फोटो डोळ्यांपुढे ठेवून येऊ नका. पण जवळ गेलात की खडकाएवढं तपकिरी पोवळं दिसतं, त्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं, बाजूने पट्ट्यापट्ट्यांचे मासे. भाचा अचानक हातवारे करू लागला. कपारीत लांब काळे काटे! प्रशिक्षकाने बोट हलवून 'नाही' सांगितलं. ती समुद्री साळ, म्हणजे अर्चिन होती.

खरी गंमत वर आल्यावर, चहाच्या कपाबरोबर. आमचा प्रशिक्षक आधी अंदमानात होता, तिथे त्याने भाच्याचा तो पोवळी खाणारा तारामासा, म्हणजे क्राउन-ऑफ-थॉर्न्स (काट्यांचा मुकुट), पाहिलेला. जेवणाच्या ताटाएवढा, एकवीसपर्यंत हात, अंगभर विषारी काटे. पोवळ्यावर चढतो, तोंडातून स्वतःचं पोट बाहेर काढून पसरतो आणि जिवंत पापुद्रा जागच्या जागी पचवून टाकतो. मागे उरतो चुन्याचा पांढरा सांगाडा. एक प्राणी वर्षाला दहा चौरस मीटरपर्यंत पोवळं फस्त करू शकतो.

"मग सगळे वेचून मारत का नाहीत?" भाच्याचा प्रश्न.

मारतात की. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पाणबुडे एकेकाला बैलाच्या पित्ताचं किंवा व्हिनेगरचं इंजेक्शन देत फिरतात. तिथे १९६२ पासून याच्या धाडींची नोंद आहे. १९८५ ते २०१२ या काळात तिथलं पोवळ्यांचं आच्छादन निम्म्याने घटलं आणि त्यातला ४२ टक्के वाटा या प्राण्याचा धरला गेला. पण एक मादी हंगामात कोट्यवधी अंडी घालते. पिल्लं सूक्ष्म वनस्पतींवर वाढतात, आणि शेतातलं खत, सांडपाणी समुद्रात उतरलं की त्या वनस्पतींना ऊत येतो. शिवाय त्याला खाणारा तुतारीसारखा मोठा शंख माणसांनी दिवाणखान्यासाठी गोळा केला. थोड्या संख्येत असेल तर तो उपद्रवी नाहीच. झपाट्याने वाढणारी पोवळी खाऊन संथ पोवळ्यांना जागा करून देतो. मला हे सगळं ऐकून त्या प्राण्यावर राग धरवेना.

आम्हाला तो दिसला नाही, बरंच झालं म्हणायचं. गोव्यात पोवळं पांढरं दिसलं तर आधी तापलेल्या पाण्याचा संशय घ्यावा. नुसतं पांढरं पडलेलं पोवळं जिवंत असू शकतं, ते सावरतंही. खाल्लेला सांगाडा मात्र थोड्याच दिवसांत शेवाळाने हिरवा होतो.

जाणार असाल तर ऑक्टोबर ते मे, त्यातही नोव्हेंबर-डिसेंबर. सर्दी असेल तर बुडी रद्द करा, कान दगा देतात. पोहता येत नसेल तरी चालतं, पण दर विचारण्याआधी एका प्रशिक्षकामागे किती माणसं आणि प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं, हे विचारा. आमच्या बोटीत माणसं कोंबली होती, त्यामुळे वाट बघण्यातच अर्धा दिवस गेला. बुडीनंतर अठरा तास विमान नको, मोपा असो की दाबोळी. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. आणि काहीही उचलू नका. एका पाहुण्याने मेलेल्या पोवळ्याचा तुकडा खिशात घातला होता, तो प्रशिक्षकाने परत पाण्यात टाकायला लावला. वन्यजीव कायद्यात पोवळी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, मेलेलं म्हणून सूट नाही.

परतताना किनाऱ्यावरच्या दुकानात भाच्याने एक लांबट, तपकिरी नक्षीचा शंख उचलला, कानाला लावला. "मामा, हाच का तो तारामासा खाणारा?"

मला ओळखता आलं नाही. त्याने दोन्ही हातांनी तो फळीवर परत ठेवला आणि दुकानदार किंमत उतरवत असतानाच बाहेर पडला.